तीन सेंटांचा महापौर

शहरातील गाडीचे भाडे किती असावे, हा प्रश्न वरवर पाहता हिशेबनिसाचा. परंतु ज्या ज्या शहरात तो ऐरणीवर आला, तेथे त्याने सत्तेची आसने हलविली आहेत. शहर वाढले की घर आणि काम यांत अंतर पडते आणि ते अंतर तोडण्यासाठी रोज काय मोजावे लागते, यावर श्रमिकाच्या संसाराचा मेळ बसतो वा बिघडतो. या प्रश्नावर ज्याने आपले अवघे सार्वजनिक आयुष्य पणाला लावले, ज्याला त्याच प्रश्नाने डोक्यावर घेतले आणि अखेर खाली उतरविले, असा एक महापौर अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंड शहरात होऊन गेला. त्याचे नाव टॉम लॉफ्टिन जॉन्सन. तेथील महापौर हा आपल्याकडल्यासारखा शोभेचा नसून शहराच्या कारभाराचा खराखुरा सूत्रधार असतो, एवढे ध्यानात घेतले म्हणजे पुढील कथेचे मर्म कळेल.

जॉन्सन यांचा जन्म १८ जुलै १८५४ रोजी केंटकी राज्यात झाला. वडील दक्षिणेच्या बाजूने यादवी युद्धात उतरले आणि युद्ध संपले तेव्हा कुटुंब धुळीस मिळाले होते. अकरा वर्षांच्या टॉमने एका रेल्वे कंडक्टरशी स्नेह जोडला आणि त्याच्या गाडीत वर्तमानपत्रे विकण्याचा हक्क केवळ आपल्यापुरता मिळविला. प्रतिस्पर्धी नसला म्हणजे पैसा किती सहज येतो, हा मक्तेदारीचा पहिला धडा त्याला त्या काही आठवड्यांतच मिळाला. पुढे लुइव्हिल येथील ट्राम कंपनीत तो नोकरीस लागला, तेथे प्रवाशांनी टाकलेली नाणी काचेतून दिसतील अशी भाड्याची पेटी त्याने शोधून काढली आणि विशी उलटते न उलटते तोच उसनवारीच्या भांडवलावर इंडियानापोलिसची ट्राम विकत घेतली. १८७९ मध्ये तो क्लीव्हलंडच्या मैदानात उतरला. तेथे त्याची गाठ मार्क हॅना या बलाढ्य उद्योगपतीशी पडली. हॅना हे पुढे १८९६ च्या निवडणुकीत मॅकिन्ली यांना राष्ट्राध्यक्षपदी बसविणारे सूत्रधार म्हणून देशभर गाजले. शहर ओलांडण्यास जेथे दोन भाडी पडत, तेथे जॉन्सन यांनी एकाच भाड्यात प्रवास देऊ केला आणि गिऱ्हाईक आपल्याकडे वळविले. ट्राम आणि पोलादी रूळ या दोन धंद्यांनी त्यांना लक्षाधीश केले.

या सुखवस्तू माणसाच्या आयुष्याला वळण मिळाले ते हेन्री जॉर्ज यांच्या ग्रंथांमुळे. जमिनीचे मूल्य समाज वाढवितो आणि लाभ मात्र मालक घेतो, हा जॉर्ज यांचा सिद्धांत. जॉन्सन यांनी तो वाचला, आपल्या वकिलाला त्यातील चूक काढावयास सांगितले आणि चूक निघेना, तेव्हा ते जॉर्ज यांचे अनुयायी बनले. १८९१ ते १८९५ या काळात ते अमेरिकी काँग्रेसचे सदस्य होते. स्वतः रुळांचे कारखानदार असूनही रुळांवरील संरक्षक जकात उठवावी, असे त्यांनी सभागृहात आग्रहाने मांडले. आपल्याच खिशावर घाव घालणारी ही भूमिका कित्येकांना ढोंग वाटली, कित्येकांना वेड वाटली. व्यवस्था सदोष आहे तोवर तिचा लाभ घेईन, परंतु ती मोडण्यासाठीही झटेन, असा त्यांचा सरळ हिशेब होता. तो नैतिकदृष्ट्या कितपत टिकतो, याविषयी दुमत होऊ शकेल. मात्र त्यांनी तो लपविला नाही.

१८८९ च्या मे अखेरीस पेनसिल्व्हेनियातील जॉन्सटाउन येथे धरण फुटून दोन हजारांहून अधिक माणसे प्राणास मुकली. तेथे जॉन्सन यांचा कारखाना होता आणि ट्रामही होती. त्या आपत्तीत त्यांनी ट्राम काही काळ विनामूल्य चालविली. उंच इमारतीतील पाळण्याचे भाडे जसे कोणी मागत नाही, तसेच शहरातल्या वाहतुकीचेही असावे, हा विचार त्यांच्या मनात पुढे पक्का झाला.

१९०१ मध्ये ते क्लीव्हलंडचे महापौर म्हणून निवडून आले. १९०० च्या जनगणनेनुसार त्या शहराची वस्ती ३,८१,७६८ होती. १९१० मध्ये ती ५,६०,६६३ झाली. इतक्या वेगाने फुगणाऱ्या शहराला त्यांनी कारभाराची शिस्त लावली. उद्यानांतील हिरवळीवर पाऊल ठेवू नये, अशा पाट्या काढून टाकल्या. दूध आणि मांस यांची तपासणी कडक केली. जमिनीच्या करआकारणीतील विषमता नकाशांसह लोकांपुढे मांडली. नगरपालिकेचे स्वतःचे वीजकेंद्र असावे, असा आग्रह धरला. परंतु त्यांच्या घोषणांत अग्रभागी राहिली ती एकच: ट्रामचे भाडे पाच सेंटांऐवजी तीन सेंट.

त्यांच्या लोकप्रियतेचे स्वरूप त्या काळी मोठ्या वादाचा विषय होते. प्रचंड तंबू ठोकून त्यात ते सभा घेत, वाटेल त्याला प्रश्न विचारू देत, विरोधकालाही व्यासपीठावर बोलावीत. लाल रंगाच्या मोटारीतून एका सभेहून दुसरीकडे धावत. प्रतिष्ठितांच्या दृष्टीने हा सारा सर्कशीचा खेळ होता. एकेकाळी ट्रामचे मक्ते मिळवून ज्याने धन जोडले त्याने आता मक्तेदारीवर प्रवचने झोडावीत, याची त्यांना चीड होती. गरिबांना मात्र त्याच गोष्टीचा विश्वास वाटत होता. या धंद्यातील नफा कोठे दडलेला असतो हे आतून ठाऊक असलेला माणूस आपल्या बाजूने उभा आहे, अशी त्यांची भावना होती. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात सत्याचा अंश होता, हे आज मान्य करण्यास हरकत नसावी.

१९०३, १९०५ आणि १९०७ मध्ये ते पुन्हा निवडून आले. या काळात भाड्याचा लढा न्यायालयांतील मनाईहुकुमांच्या जंजाळात अडकून पडला होता. रस्त्यावर रूळ घालण्याचा हक्क शहराने दिलेला असतो आणि म्हणून त्यातून मिळणारे मूल्यही शहराचेच, असा महापौरांचा मुद्दा. कंपनीची गुंतवणूक आणि कायद्याने मिळालेला हक्क पवित्र, असा कंपनीचा. अखेरीस १९०८ च्या एप्रिलमध्ये तडजोड झाली. कंपनीच्या सर्व गाड्या भाडेपट्ट्याने नव्या संस्थेकडे आल्या. ही संस्था नफ्यासाठी नव्हे, तर शहराच्या वतीने कारभार पाहणार होती. पहिल्या दिवशी शहरभर मोफत प्रवास देण्यात आला. विजयाचा तो दिवस होता, पण तोच उताराचाही आरंभ ठरला.

तीन सेंटांत खर्च भागवायचा तर काटकसर अटळ होती. आणि १९०७ च्या आर्थिक संकटाची छाया तर देशावर होतीच. मे महिन्यात वेतनाच्या प्रश्नावरून संप झाला. गाड्यांच्या फेऱ्या आणि मार्ग बदलल्यामुळे प्रवासी चिडले. ज्यांच्यासाठी भाडे कमी केले, तेच थांब्यावर ताटकळत उभे राहून नव्या संस्थेला बोल लावू लागले. ऑक्टोबरमध्ये या व्यवस्थेवर सार्वमत झाले आणि अवघ्या ६०५ मतांनी ती फेटाळली गेली. ट्राम न्यायालयाने नेमलेल्या व्यवस्थापकांकडे गेली. १९०९ च्या नोव्हेंबरमध्ये हर्मन बेअर यांनी जॉन्सन यांचा पराभव केला. त्यांची संपत्ती आटली होती, प्रकृतीही साथ देत नव्हती. १० एप्रिल १९११ रोजी त्यांचे निधन झाले. ब्रुकलिनच्या ग्रीनवुड स्मशानभूमीत हेन्री जॉर्ज यांच्या समाधीजवळ त्यांना चिरविश्रांती लाभली.

येथे कथा संपली असती, तर ती एका लोकनेत्याच्या ऱ्हासाची सामान्य कहाणी ठरली असती. परंतु १९१० च्या फेब्रुवारीत रॉबर्ट टेलर या न्यायाधीशांच्या मध्यस्थीने आखलेली योजना मतदारांनी मंजूर केली. कंपनीने गाड्या चालवाव्यात, भांडवलावर सहा टक्क्यांहून अधिक परतावा घेऊ नये, शहराने खर्चावर देखरेख ठेवावी आणि शिल्लक वाढेल वा घटेल तसे भाडे खाली वा वर जावे, अशी ती रचना होती. आरंभीचे भाडे ठरले तीन सेंट. ज्या मागणीसाठी जॉन्सन झगडले, ती त्यांना पदावरून दूर केल्यानंतरच अमलात आली. १९४२ मध्ये क्लीव्हलंडची सारी सार्वजनिक वाहतूक शहराच्या मालकीची झाली. नगरपालिकेच्या विजेचा वारसाही टिकला. १९७८ मध्ये महापौर डेनिस कुसिनिच यांनी ती विकण्यास नकार दिला, तेव्हा शहर कर्जफेडीत चुकले आणि पुढील वर्षी त्यांना पद गमवावे लागले. वीजव्यवस्था मात्र शहराकडेच राहिली.

या चरित्राचा बोध काय? केवळ लोकप्रियतेच्या बळावर वाहतूक सुधारत नाही, आणि केवळ हिशेबाच्या बळावरही नाही. जॉन्सन यांची चूक भाडे स्वस्त करण्यात नव्हती. स्वस्त भाड्याचा भार कोणी वाहावा आणि तूट आल्यास काय करावे, याची तरतूद पक्की होण्याआधीच आश्वासनाची तारीख त्यांनी गाठली, ही ती चूक. पण त्यांच्याशिवाय तो प्रश्न कधी सार्वजनिक झालाच नसता, हेही तितकेच खरे. टेलर यांच्या योजनेत जे शहाणपण दिसते, त्याची जमीन त्यांच्या आठ वर्षांच्या हट्टाने नांगरली होती. आज क्लीव्हलंडच्या मध्यवर्ती चौकात जॉन्सन यांचा पुतळा हाती हेन्री जॉर्ज यांचा ग्रंथ घेऊन बसला आहे. ज्या शहराने ६०५ मतांनी त्यांची योजना नाकारली, त्याच शहराने तो उभारला. लोक नेत्याला दंड करतात तो त्याच्या ध्येयाबद्दल नव्हे, थांब्यावर न आलेल्या गाडीबद्दल. आणि ध्येयाचे ऋण फेडायचे ते बहुधा तो गेल्यावरच. नव्या मार्गाची, नव्या भाड्याची घोषणा करणाऱ्या प्रत्येक नगरनेत्याने हे दोन्ही ध्यानी ठेवावे.