मिल आणि संपत्तीची वाटणी

जॉन स्टुअर्ट मिल (१८०६-१८७३) यांना आपले विद्यार्थी स्वातंत्र्याचे भाष्यकार म्हणून ओळखतात; त्यांचे अर्थशास्त्र मात्र उपेक्षित राहते. वयाच्या सतराव्या वर्षी ते ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीत कारकून म्हणून लागले व १८५८ पर्यंत तेथेच राहिले. ज्या हिंदुस्थानचे खलिते त्यांनी आयुष्यभर लिहिले, तो त्यांनी कधी पाहिलाही नाही!

१८४८ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी मांडले की, उत्पादनाचे नियम निसर्गाने घालून दिलेले असले, तरी संपत्तीची वाटणी समाजाच्या कायद्यांवर व रूढींवर अवलंबून असते. दारिद्र्याला दैवाची ढाल करणाऱ्यांना हा विचार अडचणीचाच होता. एका व्यक्तीला वारशाने किती मिळावे, यावर त्यांनी मर्यादा सुचविली. चढत्या दराच्या प्राप्तिकराला मात्र त्यांचा विरोध होता. यात वरकरणी विसंगती दिसते; परंतु श्रमाची कमाई आणि आयती मिळकत यांतील भेद ध्यानी घेतला की ती उरत नाही. मालकाने हातही न हलविता वाढलेल्या जमीनमूल्यावर कर बसवावा, यासाठी ते अखेरच्या वर्षांत झटले. ब्रिटनमध्ये तसा कर १९१० च्या कायद्याने आला आणि १९२० मध्ये रद्दही झाला.