अंशाचा दोनशेवा भाग : जेम्स प्रेस्कॉट जूल

शाळकरी मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'जूल' हा शब्द हमखास भेटतो. ऊर्जेचे एकक म्हणून मुले तो पाठ करतात आणि पुढच्या धड्याकडे वळतात. हे एका माणसाचे आडनाव आहे, आणि तो माणूस प्राध्यापक नसून बिअर तयार करणाऱ्या घराण्यातला होता, ही हकीकत मात्र क्वचितच सांगितली जाते. ती येथे थोडक्यात सांगावी, असे आम्हांस वाटते.

जेम्स प्रेस्कॉट जूल यांचा जन्म २४ डिसेंबर १८१८ रोजी इंग्लंडात, मँचेस्टरलगतच्या सॉल्फर्ड येथे झाला. वडिलांचा बिअरचा मोठा कारखाना होता. पाठीचा कणा दुबळा असल्यामुळे जेम्सचे शिक्षण घरीच झाले. १८३४ पासून काही काळ अणुसिद्धान्ताचे प्रवर्तक जॉन डाल्टन यांनी त्याला शिकविले. विद्यापीठाची पायरी तो कधी चढला नाही. विज्ञानाचा नाद लागलेला हा तरुण घरातल्याच एका खोलीत प्रयोग करी आणि कारखान्याचे कामही पाही.

बिअरच्या धंद्यात तापमान हे सर्वस्व असते. मोड आणून वाळविलेले सातू गरम पाण्यात भिजवितात, तेव्हा पाणी साधारण ६५ ते ६८ अंश सेल्सिअस असावे लागते. ते फार तापले तर पिष्टाची साखर करणारी द्रव्ये निकामी होतात. थंड राहिले तर काम अपुरे राहते. पुढे आंबविण्याच्या वेळी थोडी अधिक उष्णताही चव बिघडविते. पिंपाच्या तळाचे व वरच्या थराचे तापमान सारखे नसते. म्हणून ढवळावे लागते, पारा स्थिर होईपर्यंत थांबावे लागते. हात बुडवून केलेला अंदाज येथे चालत नाही.

या शिस्तीत वाढलेल्या जूलने एक अवघड प्रश्न हाती घेतला. उष्णता हा पदार्थांत वाहणारा एक द्रव आहे, असे तेव्हा अनेक विद्वान मानीत. ती गतीपासून निर्माण होते, असे जूलचे मत होते. पण ते सिद्ध कसे करावे? त्याने तांब्याच्या भांड्यात पाणी भरले, आत वल्ह्यांचे चक्र बसविले आणि खाली उतरणाऱ्या वजनांनी ते फिरविले. वजने वीस वेळा वर चढवून सोडली, तरी पाणी तापे ते फॅरनहाइटच्या जेमतेम अर्ध्या अंशाने! म्हणजे सारा सिद्धान्त तापमापीवर येऊन ठेपला. मँचेस्टरचे उपकरणकार जॉन बेंजामिन डान्सर यांच्या साहाय्याने जूलने असे तापमापी सिद्ध केले की, अंशाचा दोनशेवा भागही त्याला वाचता येई. अंगाच्या उबेनेसुद्धा मोजमाप बिघडू नये म्हणून त्याने भांड्यापुढे लाकडी आडोसा उभा केला, आणि तापमान फारसे बदलत नाही असे तळघर प्रयोगासाठी निवडले.

१८४३ मध्ये कॉर्क येथील विद्वत्सभेत त्याने आपले निष्कर्ष मांडले, तेव्हा सभेने मौन पाळले. इतक्या सूक्ष्म फरकावर विश्वास कोण ठेवणार? तो खचला नाही, मोजीत राहिला. १८४७ मध्ये ऑक्सफर्डच्या सभेत विल्यम थॉमसन या तरुण प्राध्यापकाने त्याचे महत्त्व ओळखले. हेच पुढचे लॉर्ड केल्व्हिन. दोघांनी नंतर अनेक वर्षे एकत्र संशोधन केले. १८५० मध्ये रॉयल सोसायटीने जूलला सदस्यत्व दिले.

१८५४ हे वर्ष क्लेशाचे ठरले. त्या वर्षी पत्नी अमेलिया निवर्तली, आणि घरचा कारखानाही विकला गेला. तरीही मोजमापाचे व्रत सुटले नाही. काच जुनी होते तसा तापमापीचा शून्यबिंदू हळूहळू सरकतो. हा फरक जूलने १८४४ पासून १८८२ पर्यंत, अडतीस वर्षे, टिपून ठेवला. आपल्या साधनावरही डोळे मिटून विश्वास न ठेवणे, हीच खरी सत्यनिष्ठा असे आम्ही मानतो.

११ ऑक्टोबर १८८९ रोजी सेल येथे त्याचे निधन झाले. त्याच्या समाधिशिलेवर ७७२.५५ हा आकडा कोरलेला आहे. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापविण्यास इतके पौंड वजन एक फूट खाली यावे लागते, हा त्याचा १८७८ चा निष्कर्ष. आजचे मान सुमारे ७७८ आहे. शंभरात एकाचाही फरक नाही. अशा सूक्ष्म मोजमापांतून ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम जगाला पटला. घरच्या धंद्यात अंगवळणी पडलेली काटेकोर सवय माणसाला किती दूर नेऊ शकते, याचे याहून बोलके उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.