श्रोडिंगर आणि अंतराने न सुटणारी गाठ

पोटापाण्यासाठी वा बदलीच्या हुकुमाने मुलूख सोडावा लागलेल्या माणसाला एक प्रश्न कधी ना कधी पडतोच : अंतर वाढले की नाते विरते काय? हाच प्रश्न निर्जीव कणांविषयी विचारणारे शास्त्रज्ञ एर्विन श्रोडिंगर यांचे चरित्र म्हणूनच आम्हांला जवळचे वाटते. त्यांचेही आयुष्य बरेचसे परमुलखात गेले.

श्रोडिंगर यांचा जन्म १२ ऑगस्ट १८८७ रोजी व्हिएन्ना येथे झाला. पहिल्या महायुद्धात त्यांनी तोफखान्यात अधिकारी म्हणून सेवा केली. १९२१ साली ते झुरिच विद्यापीठात प्राध्यापक झाले व तेथेच १९२६ मध्ये त्यांनी अणूतील इलेक्ट्रॉनचे वर्तन सांगणारे सुप्रसिद्ध तरंगसमीकरण मांडले. पुढच्याच वर्षी बर्लिनला माक्स प्लांक यांच्या जागी त्यांची नेमणूक झाली. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. श्रोडिंगर ज्यू नव्हते. तरीही त्या राजवटीच्या तिटकाऱ्याने ते बर्लिन सोडून ऑक्सफर्डला गेले. त्याच वर्षी डिरॅक यांच्यासमवेत त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

१९३५ साली आइन्स्टाइन व त्यांच्या दोन सहकाऱ्यांच्या एका निबंधाने त्यांना विचारप्रवृत्त केले. एकदा परस्परांशी संबंध आलेले दोन कण दूर गेले, तरी क्वांटम सिद्धांतानुसार त्यांचे वर्णन एकत्रच करावे लागते. जोडीविषयी जाणण्याजोगे सारे ठाऊक असूनही एकेका कणाची स्वतंत्र अवस्था सांगता येत नाही. या संबंधासाठी श्रोडिंगर यांनी योजलेला जर्मन शब्द हातांची घडी घालण्यासाठीही वापरतात. मराठीत आपण त्याला गुंतणूक म्हणू. हेच या सिद्धांताचे व्यवच्छेदक लक्षण, हे त्यांनी ओळखले. पण ते त्यांच्या मनाला पटेना. कण दूर गेले की ही गाठ आपोआप सुटत असावी, अशी शक्यता त्यांनी १९३६ साली मांडली.

त्याच वर्षी मायदेशाच्या ओढीने ते ऑस्ट्रियातील ग्रात्स येथे परतले. मार्च १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला, तेव्हा नव्या राजवटीला अनुकूल असे त्यांचे पत्र वृत्तपत्रात प्रसिद्ध झाले. ही गोष्ट आम्ही झाकून ठेवू इच्छित नाही. वेतनावर संसार चालविणाऱ्या आमच्यासारख्यांना ती भीती समजते. पण समजणे म्हणजे समर्थन नव्हे. पत्राचा उपयोगही झाला नाही. ऑगस्टमध्ये ते बडतर्फ झाले आणि पत्नीसह, जुजबी सामानानिशी, इटलीत निघून गेले. त्या पत्राची खंत त्यांनी पुढे आइन्स्टाइन यांना कळविली. आयर्लंडचे पंतप्रधान डी व्हॅलेरा यांच्या पुढाकाराने १९३९ साली त्यांना डब्लिनला आसरा मिळाला. तेथे सतरा वर्षे काढून १९५६ मध्ये ते व्हिएन्नाला परतले. ४ जानेवारी १९६१ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.

त्यांच्या शंकेचा निकाल त्यांच्या पश्चात लागला. जॉन बेल यांनी १९६४ मध्ये परीक्षेची रीत दाखविली. १९७२ मध्ये क्लाउझर व फ्रीडमन यांनी आणि १९८२ मध्ये आस्पे यांनी प्रयोग केले. २०१७ साली चीनच्या उपग्रहाने १,२०० किलोमीटर दूर असलेल्या दोन ठाण्यांकडे अशा जोडीतील एकेक प्रकाशकण धाडला. गाठ सुटली नाही. ज्या गुणधर्माने श्रोडिंगर अस्वस्थ झाले, तोच आज उपयोगी पडत आहे. गुप्त संदेशाची किल्ली त्यावर बेतता येते, कारण मध्येच कोणी चोरून पाहिले तर गाठीत बिघाड होतो व ते उघडकीस येते. २०२२ सालचे नोबेल या प्रयोगांसाठी क्लाउझर, आस्पे आणि व्हिएन्ना विद्यापीठाचे त्सायलिंगर यांना मिळाले. श्रोडिंगर यांच्याच गावी त्यांचा प्रश्न असा फळाला आला.

मात्र एक मर्यादा ध्यानात घ्यावी. केवळ गुंतणुकीने निरोप पोचत नाही. त्यासाठी नेहमीच्या मार्गाने संदेश धाडावाच लागतो. कणांचे नियम माणसांना लागू नाहीत, हे आम्ही जाणतो. तरी एवढे खरे, की गावाकडची गाठ अंतराने सुटत नसली, तरी खुशाली कळण्यासाठी पत्र लिहावेच लागते.