विश्लेषण : जेआरडींची बुगाटी आणि खंडाळ्याचा घाट… स्पोर्ट्स कारमधून गिअरचा दांडा का नाहीसा होतोय?

२९ जुलै ही जे. आर. डी. टाटा यांची जयंती. त्या निमित्ताने विमान, एअर इंडिया, भारतरत्न यांची आठवण दरवर्षी निघते. त्यांचे पहिले वेड मात्र वेगवान मोटारींचे होते. विशीतले जेआरडी बुगाटी चालवत आणि मुंबई-पुणे रस्त्यावर ती पळवत. द्रुतगती मार्ग तेव्हा नव्हताच. खोपोली सोडले की बोरघाट, मग खंडाळा, लोणावळा आणि पुढे मावळातून पुणे. आज त्याच वाटेवर शनिवार-रविवारी पॉर्शे, मस्टँग दिसतात आणि बहुतेकींत क्लचचे पेडल नसते. हा बदल समजून घ्यायला जेआरडींचे आयुष्य सोयीचे आहे.

मोटारींचे वेड आले कुठून?

जेआरडींचा जन्म १९०४ साली पॅरिसचा. वडील रतनजी दादाभॉय टाटा, आई सुझान ब्रिएर फ्रेंच. भारतात मोटार चालवणारी पहिली स्त्री म्हणून सुझान यांचेच नाव सांगितले जाते. फ्रान्सच्या किनाऱ्यावर हार्डेलो येथे टाटा कुटुंबाचे घर होते आणि इंग्लिश खाडी विमानाने ओलांडणारे लुई ब्लेरियो हे तिथले शेजारी. विमानात बसायचे वेड मुलाच्या डोक्यात शिरले ते तिथेच. पुढे फ्रेंच सैन्यात काही काळ काढून ते १९२५ अखेर टाटा कंपनीत बिनपगारी उमेदवार म्हणून रुजू झाले. पुढच्याच वर्षी वडील वारले.

मुंबईत बुगाटी भरधाव चालवल्याबद्दल त्यांच्यावर खटला झाला. बचावासाठी जॅक विकाजी हे वकील गाठले. वकिलांची भाची थेल्मा यांच्याशी तिथेच ओळख झाली आणि १९३० साली लग्न. वेगाच्या गुन्ह्यातून इतके चांगले फळ क्वचितच कुणाला मिळाले असेल!

तेव्हाची बुगाटी चालवणे अवघड का होते?

कारण गिअरबॉक्स. आज मॅन्युअल गाडीत क्लच दाबून दांडा ओढला की गिअर पडतो, कारण आत सिंक्रोमेश नावाची सोय असते. ती फिरणाऱ्या दोन भागांचा वेग आधी जुळवून देते. कॅडिलॅकने ती १९२८ साली आणली. तोवरच्या गाड्यांत हे काम चालकाचे होते. गिअर उतरवायचा तर क्लच दाबून न्यूट्रल करा, क्लच सोडा, ॲक्सिलरेटरला हलका दाब देऊन इंजिनाचे फेरे वाढवा, पुन्हा क्लच दाबा आणि मग खालचा गिअर टाका. याला डबल डिक्लच म्हणतात. जुने ट्रकचालक ते झोपेतही करत. अंदाज चुकला तर दाते एकमेकांवर घासतात आणि असा आवाज येतो की शेजारचा माणूस दचकतो.

हे सारे खोपोलीहून खंडाळ्यापर्यंत, सुमारे अर्धा किलोमीटर उंची चढताना, एकामागून एक वळणावर करायचे. १८३० साली चाकांच्या गाड्यांसाठी खुला झालेला हा घाट मोटारींचा विचार करून आखलेलाच नव्हता. वळणाच्या आधी योग्य गिअर पडला नाही तर गाडी चढावर दम टाकते, आणि मागून येणाऱ्याचीही पंचाईत होते.

उतारावर प्रश्न आणखी गंभीर. खालच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनच चाकांना आवरून धरते आणि ब्रेकवरचा ताण कमी होतो. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडणारे ही मदतच गमावतात. सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि ऐनवेळी पकडत नाहीत. ज्या गिअरने घाट चढाल त्याच गिअरने उतरा, हा जुना नियम ऑटोमॅटिकलाही लागू आहे. त्यासाठीच तिच्यात खालचा गिअर धरून ठेवण्याची सोय दिलेली असते. शिंग्रोबाच्या देवळापाशी नाणे टाकून पुढे जाणाऱ्या कित्येकांना आपल्या गाडीतली ही सोय ठाऊकच नसते.

मोटारीतून विमानाकडे…

१० फेब्रुवारी १९२९ रोजी जेआरडींना भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. आगा खान यांनी भारत आणि इंग्लंडदरम्यान एकट्याने उड्डाण करणाऱ्या भारतीयासाठी बक्षीस लावले. जेआरडी कराचीहून निघाले, तर अस्पी इंजिनीअर हा तरुण समोरून, इंग्लंडहून येत होता. इजिप्तमध्ये अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. अस्पी अडकले होते, त्यांना स्पार्क प्लग हवे होते. जेआरडींनी आपल्याकडचे जादा प्लग प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकले आणि शर्यत काही तासांनी हरले. हेच अस्पी पुढे हवाई दलाचे प्रमुख झाले. यंत्र बंद पडल्यावर माणसाची काय अवस्था होते, हे बुगाटीवाल्याला वेगळे सांगावे लागले नसणार.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन ते अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. १९३८ मध्ये टाटा समूहाचे अध्यक्ष झाले. १९४५ साली टेल्को स्थापन झाली, १९५४ पासून डायम्लर-बेंझच्या सहकार्याने ट्रक बनू लागले आणि सुमंत मुळगावकरांच्या देखरेखीखाली पुण्याचा कारखाना उभा राहिला. बोरघाट चढणाऱ्या मालाच्या गाड्यांत टाटांचा ट्रक पुढे नेहमीचाच झाला. शौकाच्या बुगाटीपेक्षा याचे मोल कितीतरी मोठे.

मग दांडा गेला का?

सुरुवातीची ऑटोमॅटिक गाडी ऐसपैस फिरण्यासाठी होती. ओल्ड्समोबिलने १९३९ साली हायड्रामॅटिक आणली, पण इंजिन आणि गिअरच्या मध्ये तेलातून शक्ती जात असल्याने प्रतिसाद मंद वाटे. स्पोर्ट्स कारवाले तिला नाक मुरडत. १९८९ साली फेरारीने फॉर्म्युला वनमध्ये स्टिअरिंगमागच्या पट्टीने गिअर बदलणारी गाडी उतरवली आणि ती पहिलीच शर्यत जिंकली. नंतर आला दुहेरी क्लच. एक क्लच विषम गिअर सांभाळतो, दुसरा सम. तिसरा चालू असतानाच चौथा तयार असतो, त्यामुळे शक्तीचा ओघ जवळपास तुटत नाही.

आकडे बोलके आहेत. २०२१ च्या पॉर्शे ९११ जीटी३ ला ताशी १०० किलोमीटर वेग गाठायला दुहेरी क्लचसह ३.४ सेकंद लागतात, मॅन्युअलमध्ये ३.९. याच जीटी३ ची २०१३ ची आवृत्ती फक्त ऑटोमॅटिक होती. चाहते नाराज झाले आणि २०१७ मध्ये कंपनीने दांडा परत दिला. म्हणजे अर्धा सेकंद गमावून हाताने गिअर टाकण्याचा आनंद घेणारे अजून आहेत. घाटात त्या अर्ध्या सेकंदाला तसा अर्थही नाही. तिथे वेग वळण ठरवते, आणि पुढचा टेम्पो.

जेआरडींनी आज यातली कोणती निवडली असती, ही चर्चा रंगते, पण ती व्यर्थ आहे. जुने म्हणून जपणाऱ्यांतले ते नव्हते. १९६० मध्ये एअर इंडियाने जेट विमाने आणली ती त्यांच्याच अध्यक्षपदाच्या काळात. आणि तरीही १९८२ साली, ७८ व्या वर्षी, कराची-मुंबईचे तेच उड्डाण त्यांनी जुन्या लेपर्ड मॉथमधून पुन्हा केले.

२९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात त्यांचे निधन झाले आणि पॅरिसमध्ये दफन. १२ वर्षांनी, २००५ मध्ये, बुगाटीची व्हेरॉन बाजारात आली. १००१ अश्वशक्ती, सात गिअर, दोन क्लच. क्लचचे पेडल मात्र नाही.