दोन हजार जणींचा स्वयंपाक आणि हमखास उत्पन्न शून्य: पंडिता रमाबाईंनी ‘आधी देव’ कसं निभावलं?

साल १९००. पुणे जिल्ह्यातल्या केडगावात एका विधवा बाईच्या भरवशावर सुमारे दोन हजार बायका-मुली राहत होत्या. बहुतेक जणी दुष्काळातून वाचलेल्या. रोज दोन वेळचं जेवण, कपडे, औषधपाणी, शाळा. आणि या सगळ्या खर्चासाठी दरमहा येणारी ठरलेली रक्कम? अशी कुठलीच नव्हती.

या बाई म्हणजे पंडिता रमाबाई.

अन्नवस्त्राची काळजी करत बसण्याआधी देवाला पहिलं स्थान द्या, ही येशूची शिकवण ख्रिस्ती घरांमध्ये लहानपणापासून कानावर पडते. पण महिनाअखेरीस डबे रिकामे होतात तेव्हा या शिकवणीचं करायचं काय? रमाबाईंचं आयुष्य म्हणजे याच प्रश्नाशी घातलेली झटापट होती.

भूक त्यांना पुस्तकातून कळली नव्हती

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्यांनी समाजाचा विरोध पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं, आईने रमाला. हे कुटुंब पुराणं सांगत तीर्थक्षेत्रं फिरायचं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि मोठी बहीण, तिघंही गेले. उरले रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास. दोघं पायी देशभर फिरले.

१८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी तिची विद्वत्ता पाहून ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढे भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झालं, पण दोन वर्षांच्या आत तेही कॉलऱ्याने गेले. तेव्हा रमाबाई होत्या २३ वर्षांच्या आणि मुलगी मनोरमा तान्ही.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी तिथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. धर्म बदलला तरी डोकं कुणाकडे गहाण टाकलं नाही. चर्चच्या वडीलधाऱ्यांशीही त्यांनी वाद घातले.

पुण्यात पेटलेला वाद

१८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं. उच्चवर्णीय हिंदू विधवांसाठी शाळा आणि वसतिगृह. पैसा अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनचा, तोही दहा वर्षांच्या बोलीवर. अट अशी की कुणावर धर्म लादायचा नाही.

पुढे सदन पुण्यात आलं. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या आणि दार उघडं ठेवायच्या. काही मुली येऊन बसू लागल्या. रमाबाईंनी त्यांना बोलावलं नाही, पण हाकललंही नाही. १८९३ मध्ये भडका उडाला. ‘केसरी’तून टीका झाली. ज्यांनी पाठराखण केली होती त्या न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनीही सल्लागार मंडळ सोडलं. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

टीकाकारांचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. घरच्यांनी मुली शिकायला पाठवल्या होत्या, धर्म बदलायला नाही. दार बंद केलं असतं तर बहुधा प्रकरण थंडावलं असतं. पण आपल्याच घरात आपला देव लपवायचा, हे रमाबाईंना मान्य नव्हतं. त्याची किंमत त्यांनी मोजली. पुण्यातले जुने आधार तुटले ते कायमचे.

आधी मुली आणल्या, मग पैशांचं पाहिलं

अमेरिकेची बोली १८९८ मध्ये संपणार होती. त्यानंतर काय, याचा विचार रमाबाईंनी आधीच केला होता. केडगावात जमीन घेतली, फळझाडं लावली. त्या उत्पन्नावर सदन चालावं हा हिशेब.

तेवढ्यात १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातून भुकेल्या मुलींच्या बातम्या येऊ लागल्या. आपण कधीकाळी अशाच उपाशी फिरलो होतो, हे त्या विसरल्या नव्हत्या. हातात पैसे नसताना त्या तिकडे गेल्या आणि सुमारे ३०० मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून मुलींना केडगावच्या शेतावर नेलं. तिथेच मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या दुष्काळात गुजरातमधून आणखी शेकडो जणी आल्या.

इंग्लंडमधल्या ब्रिस्टॉल शहरात जॉर्ज म्यूलर यांनी कुणाकडे हात न पसरता, फक्त प्रार्थनेच्या बळावर हजारो अनाथ मुलं वाढवली होती. त्यांचं चरित्र रमाबाईंनी वाचलं होतं. इंग्लंडात हे होतं तर हिंदुस्थानात का नाही, असा त्यांचा विचार.

पण प्रार्थना करून त्या स्वस्थ बसल्या नाहीत. केडगावात विहिरी खणल्या गेल्या. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना सुरू झाला. काम बायकाच करायच्या. अंध मुलींना ब्रेल शिकवलं जायचं. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघालं. देणग्या येत राहिल्या, पण पुढच्या महिन्याची हमी कधीच नव्हती.

शेवटची वर्षं

एवढ्या व्यापातही शेवटची सुमारे दीड दशकं त्यांनी एका कामाला दिली: बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर. खेड्यातल्या बाईला कळेल अशी भाषा हवी, म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. कानांनी तोवर जवळजवळ साथ सोडली होती.

१९२१ मध्ये मनोरमा गेली. संस्थेचा भार पुढे तीच उचलणार होती. एकुलती एक मुलगी गमावूनही रमाबाईंनी भाषांतर तडीस नेलं. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. १९२४ मध्ये त्यांचं बायबल प्रसिद्ध झालं. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात, मुक्तीतल्याच बायकांच्या हातून झाली होती.

देवाला पहिलं स्थान दिल्याने रमाबाईंच्या काळज्या संपल्या, असं म्हणता येणार नाही. माणसं दुरावली, पैशाची ओढाताण राहिली, मुलगीही गेली. फरक पडला तो क्रमात. एखादी मुलगी दारात आली की परवडेल का, हा प्रश्न दुसरा असायचा. पहिला प्रश्न, देवाला यात काय हवंय? त्याचं उत्तर मिळालं की दार उघडायचं आणि मग धान्याच्या मागे लागायचं.

केडगावचं मुक्ती मिशन आजही सुरू आहे.