पन्नाशीत फुललेली गोधडी

आपल्याकडे गोधडी शिवायची म्हटली की टाका ठरलेला असतो. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक अंथरायचे, काठापासून धावदोरा सुरू करायचा आणि चौकोनात चौकोन घालत मधोमध यायचं. कुठला टाका घालू, हा प्रश्न माझ्या आईला किंवा सासूबाईंना कधी पडला नाही. मला तो पडला आमच्या बचत गटामुळे.

गटातल्या बायकांनी एकदा शहरातल्या एका दुकानासाठी सहा गोधड्या केल्या. पांढऱ्या कापडावर रंगीत कापडाची फुलं-पानं कापून इतकी सुरेख लावली होती की बघत राहावं. मग थर जोडायची वेळ आली. सवयीप्रमाणे सगळीकडे जाड दोऱ्याचा एकसारखा धावदोरा घातला, अगदी फुलांवरूनसुद्धा. गोधड्या मजबूत झाल्या, पण फुलं दबून गेली. दुकानदाराने दोन ठेवून घेतल्या, चार परत आल्या. दोन महिन्यांचे कष्ट होते हो ते! बायकांचे पडलेले चेहरे मला रात्रभर दिसत होते. काम खरं होतं, हात सफाईदार होते, मग चुकलं कुठे? याचं उत्तर शोधता शोधता मला मेरी वेब्स्टर भेटली. अर्थात पुस्तकातून. कारण तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली.

मेरीचा जन्म 1859 सालचा, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातला. गावाचं नाव वाबाश. लहानसंच गाव, पण 1880 साली तिथल्या कोर्टाच्या इमारतीवर विजेचे दिवे लागले आणि ते एकदम गाजलं. गावभर विजेचा उजेड पाडणारं जगातलं पहिलं गाव म्हणून वाबाश आजही मिरवतं. मेरी तेव्हा वीस वर्षांची होती. माहेरचं नाव डॉहर्टी. घर खाऊनपिऊन सुखी, भावंडांत ती सगळ्यांत मोठी. बारीक शिवणकाम तिला आईने शिकवलं. शाळा पूर्ण झाल्यावर तिला कॉलेजात जायचं होतं, पण प्रकृतीच्या तक्रारींमुळे ते राहूनच गेलं. 1884 मध्ये तिचं लग्न झालं. नवरा जॉर्ज वेब्स्टर जवळच्याच मॅरियन गावात बँकेत होता. पुढच्याच वर्षी लॉरेन्स हा मुलगा झाला. मग घर, संसार, मुलाचं शिक्षण, येणंजाणं. पंचवीस वर्षं अशीच सरली. आपल्यापैकी कितीजणींची गोष्ट याहून वेगळी आहे?

1909 साल उजाडलं तेव्हा मेरी पन्नाशीची झाली होती. मुलगा मोठा झालेला. घरासाठी एक छानशी गोधडी करावी असं तिच्या मनात आलं. तिकडच्या गोधडीला क्विल्ट म्हणतात. क्विल्टचे तीन थर असतात. वर नक्षीचं कापड, मध्ये कापसाची पातळ गादी आणि खाली अस्तर. नक्षी दोन प्रकारे करतात. एक म्हणजे तुकड्याला तुकडा जोडून आणि दुसरी म्हणजे आकार कापून कापडावर लावून, आपण ज्याला ॲप्लिक म्हणतो ती. मेरीने दुसरी रीत घेतली. गुलाबाच्या एका जुन्या नक्षीत तिने मनासारखा बदल केला आणि आपली गोधडी शिवली.

तेव्हा तिकडच्या गोधड्या बऱ्याचदा गडद रंगांच्या, छापील कापडांच्या, गच्च भरलेल्या असायच्या. मेरीची तशी नव्हती. पांढरी पार्श्वभूमी, फिकट गुलाबी आणि हिरवे साधे रंग, फुलांची सुटसुटीत मांडणी, कडेने किनार आणि मध्ये भरपूर मोकळी जागा. फुलंही तिच्या आजूबाजूच्या बागेत फुलतात तशीच. मैत्रिणींना ती फारच आवडली. त्यांनीच आग्रह धरला आणि तिचं काम ‘लेडीज होम जर्नल’ या मासिकाकडे गेलं. हे मासिक दहा लाखांहून जास्त घरांत जात असे. जानेवारी 1911 च्या अंकात मेरीच्या चार गोधड्या रंगीत छापून आल्या. पुढच्या वर्षी जानेवारीत आणखी आल्या आणि ऑगस्टमध्ये लहान मुलांसाठी केलेल्याही आल्या.

आणि मग पत्रांचा पाऊस पडला! गावोगावच्या बायका नमुना मागू लागल्या. एखादी म्हणाली असती, ही माझी कला आहे, मी कशाला सांगू? आपल्याकडे नाही का, लोणच्याचं प्रमाण विचारलं की एखादा जिन्नस हळूच गाळून सांगणाऱ्या असतात! मेरीने तसं केलं नाही. तिने घरातूनच नमुन्यांची पाकिटं पाठवायला सुरुवात केली, किंमत पन्नास सेंट. पाकिटात फुला-पानांचे मूळ मापाचे आकार असायचे, घरबांधणीच्या नकाशासारख्या निळ्या कागदावर उतरवलेले. कुठलं पान कुठे लावायचं हे समजावं म्हणून पातळ कागदावर मांडणी करून दिलेली असे. शिवाय रंग कळावेत म्हणून खऱ्या कापडाचे छोटे तुकडे आणि पूर्ण गोधडीचा फोटो. लांबच्या खेड्यातल्या बाईला दुकान नाही, शिकवणारी नाही. तिच्या हातात नुसती आकृती पडून भागणार नाही, पूर्ण झालेलं काम तिच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं पाहिजे, हे मेरीला कळलं होतं.

आता आमच्या चुकीकडे वळते. मेरीच्या गोधड्यांचे फोटो मी भिंग लावून पाहिले. तेव्हा लक्षात आलं की तिथे नक्षी दोन असतात. पहिली कापडाची, जी लांबून दिसते. दुसरी थर जोडणाऱ्या टाक्यांची, जी जवळ गेल्यावर दिसते. दुसरीने पहिलीला उठाव द्यायचा असतो, तिच्यावर कुरघोडी करायची नसते. आणि म्हणूनच टाका कुठला, हे प्रत्येक गोधडी बघून ठरवावं लागतं.

त्यातले काही ठोकताळे आपणही लक्षात ठेवण्यासारखे आहेत. छापील, फुलाफुलांच्या कापडावर टाका दिसतच नाही. तिथे नाजूक वेलबुट्टी काढणं म्हणजे कष्ट वाया. साध्या सरळ रेघा पुरतात. साध्या कापडावर मात्र प्रत्येक टाका उठून दिसतो. मोकळ्या जागेत मोठी नक्षी घालायची तर ती तिथेच. वर गोल फुलं असतील तर मागे बारीक तिरप्या रेघांची जाळी घालावी. रेघांनी मागचं कापड दबतं आणि फूल वर उचललं जातं. उलट वर सगळे चौकोन-त्रिकोण असतील तर वळणदार टाक्याने त्यांचा ताठरपणा कमी होतो. फुलावरून टाका न नेता त्याच्या कडेकडेने न्यावा, मग आकार अजून ठसठशीत होतो. आम्ही नेमकं इथेच चुकलो होतो.

आणखी एक गोष्ट. टाके एका जागी दाट आणि दुसरीकडे विरळ पडले की गोधडी सपाट राहत नाही, तिला लाटा येतात. टाक्यांमध्ये फार अंतर राहिलं तर धुतल्यावर आतला कापूस गोळा होतो. म्हणजे सुंदर दिसणं आणि टिकणं, दोन्हींचा विचार एकदमच करायचा. रोज अंगावर घ्यायची, वरचेवर धुवायची गोधडी असेल तर टाके जवळजवळ हवेत. आणि नक्षी आधी कापडावर उतरवून घ्यायची. आपल्याकडे भरतकामासाठी कागदाला टाचणीने भोकं पाडून त्यावरून रंगाचा बोळा फिरवतात ना, तशीच रीत तिकडेही होती.

1915 साली मेरीचं पुस्तक आलं. क्विल्टचा इतिहास आणि कृती सांगणारं ते अमेरिकेतलं पहिलं संपूर्ण पुस्तक मानतात. लेखिका छप्पन्न वर्षांची, कॉलेजची पायरी न चढलेली! अमेरिकेत सगळ्या राज्यांतल्या बायकांना मताचा हक्क मिळायला अजून पाच वर्षं होती. अशा काळात आज्या-पणज्यांच्या गोधड्यांचाही इतिहास लिहायचा असतो, हे एका गृहिणीने दाखवून दिलं. प्राचीन काळापासूनचं तुकडेकाम तिने त्यात मांडलं, क्विल्टची शेकडो जुनी नावं गोळा केली आणि टाक्यांच्या पारंपरिक नक्षीही नोंदवल्या. एकेरी, दुहेरी, तिहेरी तिरप्या रेघा, शंकरपाळ्यासारखे चौकोन, पिळाचा दोर, शिंपले, पंखे, पिसांच्या माळा. ही सगळी नावं बायकांच्या तोंडी होती. ती कागदावर आणली म्हणून टिकली.

1921 मध्ये दोन मैत्रिणींना, ईव्हॅन्जेलिन बेशोर आणि आयडा हेस यांना बरोबर घेऊन तिने ‘प्रॅक्टिकल पॅचवर्क कंपनी’ काढली. ज्या बाईकडे वेळ असे ती नुसता नमुना घेई. जिला कापायचा कंटाळा तिला तयारीचं सामान मिळे. एखादी फुलं टाचून दिलेली गोधडी मागवी, तर कुणी पूर्ण शिवलेलीच घेई. प्रत्येकीच्या वेळेप्रमाणे आणि ऐपतीप्रमाणे सोय. आपल्या बचत गटांनी गिरवावा असाच हा धडा आहे.

एक गोष्ट मात्र खटकते. त्या काळी पैसे घेऊन दुसऱ्यांच्या गोधड्यांचे थर जोडून देणाऱ्या बायका गावोगावी असत. किती रीळ दोरा लागला त्यावर त्यांची मजुरी ठरे. जिने नक्षी काढली तिचं नाव राहिलं. जिने लाखभर टाके घातले तिचं नाव बहुतेक वेळा कुठेच आलं नाही. मेरीचं मोठेपण मान्य करूनही त्या बिननावाच्या बायकांना विसरून चालणार नाही.

आज अमेरिकेत हेच काम पुष्कळ ठिकाणी लाँगआर्म मशीनवर होतं. मोठ्या लांबलचक चौकटीवर गोधडी ताणून बसवतात आणि तिच्यावरून मशीनच फिरवतात. घरी वरचं कापड तयार करायचं आणि अशा मशीनवालीकडे द्यायचं, अशी पद्धत आहे. स्वस्तात हवं तर ती एकच नक्षी या काठापासून त्या काठापर्यंत घालून देते. जास्त पैसे आणि वेळ दिला तर गोधडी समोर पसरून, प्रत्येक भाग बघून, वेगळी नक्षी ठरवते. मशीन आलं तरी प्रश्न तोच राहिला. या गोधडीला काय शोभेल?

1942 पर्यंत मेरी काम करत राहिली. तेव्हा तिचं वय ब्याऐंशी होतं! मग ती न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टनला मुलाकडे राहायला गेली आणि 1956 मध्ये, सत्त्याण्णवाव्या वर्षी गेली. मॅरियनमधल्या तिच्या घराची पुढे पार रया गेली होती. पण 1993 मध्ये त्याला राष्ट्रीय स्मारकाचा मान मिळाला. दुरुस्ती होऊन 2004 मध्ये तिथे क्विल्ट करणाऱ्या बायकांचा सन्मान करणारं संग्रहालय सुरू झालं. तिच्या गोधड्यांचा मोठा संग्रह इंडियानापोलिसच्या कला संग्रहालयात जपून ठेवला आहे. जी वस्तू अंथरुणावर पसरायची, ती आता कलाकृती म्हणून बघतात.

आमच्या परत आलेल्या चार गोधड्यांचं काय झालं, हे तुम्ही विचाराल. बायकांनी बसून टाके उसवले. कंटाळवाणं काम, पण केलं. मग समाजमंदिरात सतरंजीवर एकेक गोधडी पसरली आणि सगळ्या भोवती उभ्या राहिलो. या फुलांमागे रेघा शोभतील की जाळी, यावर अर्धा तास वाद झाला. जिने आजवर मीटिंगमध्ये कधी तोंड उघडलं नव्हतं ती सखू वाकली, खडू घेतला आणि तिरप्या रेघा ओढून मोकळी झाली. सगळ्यांना पटलं. चारही गोधड्या गेल्या, आणि प्रत्येकीच्या मागच्या कोपऱ्यात शिवणारीचं नाव दोऱ्याने घातलं होतं.

मैत्रिणींनो, तुमच्याही कपाटात एखादी अर्धवट गोधडी पडून असेल. मुलं मोठी झाली असतील, चाळिशी-पन्नाशी आली असेल. काढा ती बाहेर. जमिनीवर पसरा, दोन पावलं मागे सरका आणि नीट बघा. आणि सुईत दोरा ओवण्याआधी शेजारणीलाही बोलवा. एकीपेक्षा दोघींना जास्त दिसतं.