साताऱ्याचे गजेंद्रगडकर आणि दिल्लीतली खुर्ची

सकाळी अकराच्या सुमारास पनवेलच्या कोर्टासमोर थांबून बघा. काळे कोट, झेरॉक्सवाल्याकडची रांग, कापडी पिशवीत कागद घेऊन आलेले आजोबा. इथं निकाल विरोधात गेला तर माणूस वरच्या कोर्टात जातो, मग मुंबईला हायकोर्टात आणि तिथंही नाही जमलं तर दिल्लीला. दिल्लीच्या वर मात्र कोणतंच कोर्ट नाही. मग त्या शेवटच्या खुर्चीवर कोण बसतं आणि त्यांना बसवतं कोण?

हा प्रश्न घेऊन वाचायला बसले आणि एका माणसाशी येऊन थांबले. प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर, देशाचे सातवे सरन्यायाधीश. त्यांच्या नावाचा रस्ता किंवा सभागृह तुम्हाला आठवणार नाही कदाचित, पण त्यांनी घालून दिलेली एक मर्यादा तुम्हाला नक्की माहीत आहे. त्याबद्दल पुढे सांगते.

जन्म १६ मार्च १९०१, सातारा. न्यायाच्या गोष्टीत साताऱ्याचं नाव नवं नाही. पेशव्यांच्या घरातल्या खुनाबद्दल राघोबादादांना दोषी धरणारे रामशास्त्री प्रभुणे साताऱ्याजवळच्या माहुलीचे. गजेंद्रगडकरांचं घर संस्कृत पंडितांचं. आडनाव आलं कर्नाटकातल्या गजेंद्रगडावरून. थोरले भाऊ अश्वत्थामाचार्य मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक होते. प्रल्हाद आधी धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात शिकले, मग पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. १९२४ साली एमए झाले आणि दोन वर्षांनी पुण्याच्याच लॉ कॉलेजमधून वकील होऊन मुंबई हायकोर्टात उभे राहिले.

तिथं त्यांनी एकोणीस वर्षं वकिली केली. १९४५ मध्ये, म्हणजे इंग्रजांच्याच काळात, ते हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. देश स्वतंत्र झाला, राज्यघटना आली, आणि त्याच खुर्चीवर बसून त्यांना आता नव्या कायद्याने न्याय द्यायचा होता. विचार करा, किती मोठा बदल!

कामगारांचे खटले ही त्यांची खास ओळख. बँक कर्मचाऱ्यांच्या पगाराचा वाद तेव्हा इतका पेटला होता की केंद्रीय कामगारमंत्री व्ही. व्ही. गिरी यांनी १९५४ मध्ये राजीनामा दिला. वाद सोडवायला नेमलेल्या आयोगाचं काम पुढे गजेंद्रगडकरांकडे आलं आणि त्यांनी ते तडीस नेलं. मालकाचा नफा आणि कामगाराची चूल या दोन्हींचा हिशोब न्यायाधीशाने मांडायला हवा, ही त्यांची भूमिका पुढच्या अनेक निकालांत दिसते.

१९५७ च्या जानेवारीत ते सुप्रीम कोर्टात गेले. आता निवडीचा मुद्दा. घटनेचं कलम १२४ सांगतं की सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश राष्ट्रपती नेमतात आणि त्याआधी सरन्यायाधीशांशी विचारविनिमय करतात. राष्ट्रपती नेमतात म्हणजे व्यवहारात सरकार नेमतं. आज आपण ऐकतो ते कॉलेजियम, म्हणजे न्यायाधीशांनीच न्यायाधीश सुचवायची पद्धत, तेव्हा नव्हतीच. ती आली १९९३ च्या निकालानंतर. गजेंद्रगडकरांच्या काळात पेन सरकारच्या हातात होतं.

सरन्यायाधीश मात्र सगळ्यांत ज्येष्ठ न्यायाधीशानेच व्हायचं, असा रिवाज होता. १९६४ च्या सुरुवातीला ज्येष्ठतेने पुढे होते सय्यद जाफर इमाम, पण ते आजारी होते आणि त्यांनी पद सोडलं. १ फेब्रुवारीला गजेंद्रगडकर सरन्यायाधीश झाले. रिवाज लिहिलेला नसतो, त्यामुळे तो मोडताही येतो, हे देशाला १९७३ मध्ये कळलं. तेव्हा सरकारने तीन ज्येष्ठ न्यायाधीशांना डावलून चौथ्याला सरन्यायाधीश केलं आणि त्या तिघांनी राजीनामे दिले.

तर मग सरकारने नेमलेला न्यायाधीश सत्तेपुढे उभा राहू शकतो का? याची परीक्षा गजेंद्रगडकरांना दोनच महिन्यांत द्यावी लागली.

गोष्ट एखाद्या वेब सिरीजसारखी आहे. गोरखपूरच्या केशव सिंग नावाच्या कार्यकर्त्याने एका आमदारावर आरोपांचं पत्रक काढलं. उत्तर प्रदेशच्या विधानसभेने हक्कभंग म्हणून त्याला तुरुंगात टाकलं. हायकोर्टाच्या दोन न्यायाधीशांनी त्याला जामीन दिला. विधानसभा इतकी चिडली की तिने त्या दोन न्यायाधीशांनाच पकडून सभागृहात आणायचा ठराव केला! मग अलाहाबाद हायकोर्टाचे २८ न्यायाधीश एकत्र बसले आणि त्यांनी तो ठराव रोखला. शेवटी राष्ट्रपतींनी सुप्रीम कोर्टाचं मत मागितलं. गजेंद्रगडकरांसह सात न्यायाधीश बसले आणि ३० सप्टेंबर १९६४ ला बहुमताने उत्तर आलं. जामीन देणं हे न्यायाधीशांचं कामच आहे, त्यात हक्कभंग नाही. आपल्याकडे सर्वोच्च आहे ती घटना, सभागृह नाही.

आता ती मर्यादा. म्हैसूर सरकारने इंजिनिअरिंग आणि मेडिकलच्या ६८ टक्के जागा राखीव केल्या होत्या. १९६२ च्या बालाजी खटल्यात गजेंद्रगडकरांनी लिहिलं की आरक्षण साधारणपणे ५० टक्क्यांच्या आत असावं. २०२१ मध्ये मराठा आरक्षणाचा निकाल आला तेव्हा टीव्हीवर दिवसभर जे ‘५० टक्के’ ऐकलंत, त्याची सुरुवात इथून आहे. पटो वा न पटो, एका माणसाने लिहिलेलं वाक्य साठ वर्षांनी तुमच्या ॲडमिशनपर्यंत पोचतं. म्हणून तिथं कोण बसतं, हे बघायचं.

जानेवारी १९६६ मध्ये त्यांनी आणखी एक मोठा निकाल दिला. आम्ही वेगळ्या पंथाचे, त्यामुळे मंदिरप्रवेशाचा कायदा आम्हाला लागू नाही, असं अहमदाबादच्या एका पंथातल्या अनुयायांचं म्हणणं होतं. कोर्टाने ते मानलं नाही आणि दलितांसाठी मंदिराचं दार उघडं राहिलं.

इथपर्यंत मी त्यांची फॅन झाले होते, खरं सांगते. मग मिरजकर खटला वाचला.

नरेश मिरजकर हे ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाचे वार्ताहर. मुंबई हायकोर्टात चाललेल्या एका बदनामीच्या खटल्यात साक्षीदाराने विनंती केली आणि न्यायाधीशांनी त्याची साक्ष छापायला तोंडी मनाई केली. बातमी देणं हा माझा मूलभूत हक्क आहे, म्हणत मिरजकर आणि इतर पत्रकार दिल्लीला गेले. ३ मार्च १९६६, म्हणजे गजेंद्रगडकरांच्या निवृत्तीला १२ दिवस उरले असताना निकाल लागला. नऊपैकी आठ न्यायाधीश पत्रकारांच्या विरोधात, आणि बहुमताचा मुख्य निकाल लिहिला तो गजेंद्रगडकरांनी. न्यायाधीशाच्या आदेशाने मूलभूत हक्काचा भंग होत नाही, असं त्यांचं म्हणणं. एकटे न्यायमूर्ती हिदायतुल्ला वेगळं बोलले. पत्रकारिता शिकणाऱ्या मुलीला हे वाचून काय वाटलं असेल, तुम्हीच सांगा.

निवृत्तीनंतर ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले, पहिल्या राष्ट्रीय कामगार आयोगाचे अध्यक्ष झाले आणि मग १९७१ ते ७७ विधी आयोगाचे. त्या सहा वर्षांत आणीबाणीही येऊन गेली. निवृत्त न्यायाधीशाने सरकारने दिलेलं पद घ्यावं का, हा आजचा वाद त्यांच्या आयुष्यालाही लागू पडतोच. १२ जून १९८१ ला ते गेले.

माझा त्यांच्यावरचा राग अजून पूर्ण गेलेला नाही, पण आदरही गेलेला नाही. निवड कशी व्हावी यावर भांडण चालू राहील. २०१५ मध्ये सरकारचा नवा आयोग सुप्रीम कोर्टाने रद्द केला, कॉलेजियम राहिलं, आणि तिथंही बंद दाराआड काय चालतं हे आपल्याला पूर्ण दिसत नाही. पण निवडलेल्या माणसाने काय लिहिलं, हे मात्र लपत नाही. सुप्रीम कोर्टाचे निकाल वेबसाइटवर फुकट आहेत, अनेकांची मराठी भाषांतरंही आहेत. पनवेल ते सीएसएमटी लोकलमध्ये सव्वा तास तरी जातोच. एक दिवस मिरजकर खटला उघडा. आधी गजेंद्रगडकर वाचा, मग हिदायतुल्ला. कोण बरोबर होतं ते मला कळवा.